आसरांच्या विहिरीतला धूर

मु. लोणी
वैशाख

प्रिय भाऊजी,

पत्रात आधी खुशाली विचारायची रीत असते. ती आपण सोडून देऊ. तुम्ही कसे आहात ते मला ठाऊक आहे. आम्ही कसे आहोत, तेवढं सांगते.

अक्षर वाकडं आहे, सांभाळून घ्या. माझी शाळा दुसऱ्या यत्तेतच सुटली. पुढं गावात साक्षरतेचा वर्ग निघाला, तेव्हा पाटीवर पुन्हा गिरवलं, पण तोवर तुम्ही गेला होतात. असतात तर दारात उभं राहून म्हणाला असतात, "काय वहिनी, आता कलेक्टर व्हता का?" तुमच्या जिभेला हाड नव्हतं. माझ्याही नाही, म्हणून तर आपलं जमायचं.

आज लिहायचं कारण एवढंच, की तुमच्या दत्तूनं विहिरीत इंजिन उतरवलंय. तुम्ही ठेवलं होतं त्याच खडकाच्या टप्प्यावर. सकाळपासून त्याचा धडधडाट ऐकतेय आणि भाकरी थापतेय. घरात सगळ्यांना तो ऐकू येतो आणि कुणालाच काही आठवत नाही. मग हे कुणाशी बोलू? जिवंत माणसं ऐकत नाहीत, म्हणून तुमच्याकडं आले.

मी या घरात आले तेव्हा तुम्ही चड्डीची नाडी बांधून घ्यायला माझ्याकडं यायचात. तरी तुम्हाला भाऊजीच म्हणायचं आणि अहो-जाहोच करायचं, अशी आमची सासू. नाक पुसताना पण "भाऊजी, शिंकरा" म्हणायचं. आठवतं का?

तेव्हा विहिरीवर मोट होती. दोन बैल धावेवरून खाली जायचे, चामड्याची मोट वर यायची आणि पाटात पाणी पडायचं. बैल कडबा खायचे, त्यांचं शेण रानात जायचं आणि रानात पुन्हा कडबा उगवायचा. मग तुम्ही इंजिन आणलंत. त्याला हळद-कुंकू लावलंत, नारळ फोडलात. म्हणालात, "वहिनी, बैलापरीस बरं. बसून असलं की खात न्हाई." मी म्हणलं, "डिझेल पितंय की. अन् बैलाचं शेण तरी पडतं, याचं काय पडतंय?" तुम्ही म्हणालात, "धूर पडतो." आपण दोघं हसलो. तुमची यमुना तेव्हा नवी नवरी होती, वडीलधाऱ्यांसमोर हसायचं नाही म्हणून पदर तोंडात धरून उभी.

पुढं पावसानं ओढ दिली आणि पाणी खाली गेलं. इंजिन वर बसून पाणी ओढतं ते ठरावीक खोलीपर्यंतच. पाणी त्याच्या खाली गेलं की इंजिनालाच पाण्यामागं खाली जावं लागतं. तुम्ही ते साखळीनं टप्प्यावर उतरवलंत. पिंपळवंडीला माझ्या माहेरी कालव्याचं पाणी खेळतं, तिथं हे कुणाला सांगितलं तर खरं वाटत नाही. इथं सगळ्यांनीच उतरवली होती.

त्या दिवशी पाण्याची धार तुटली. पाइपाच्या टोकाला झडप असते, तिला सगळे फुटबॉल म्हणतात. त्यात कचरा अडकला असंल म्हणून तुम्ही इंजिन बंद केलंत आणि तसेच झडपेकडं खाली उतरलात. आपल्याकडं विहिरीत उतरण्याआधी दोराला कंदील बांधून खाली सोडतात. विझला तर उतरायचं नाही. शेंबड्या पोराला ठाऊक असलेली गोष्ट! पण तुमच्या हातात नवी बॅटरी होती. बाजारातून आणल्यापासून दिवसाउजेडीसुद्धा माणसांच्या तोंडावर मारत फिरायचात. कंदील घ्या म्हणलं तर म्हणालात, "आता कंदिलाचं दिस गेलं, वहिनी."

बॅटरी विझत नाही. तुम्ही पडलात तरी ती टप्प्यावर पडून लखलखत होती. वरून आम्हाला उजेड दिसत होता, म्हणून आम्ही हाका मारत राहिलो.

तुम्हाला काढायला शेजारचा गोंदा उतरला. अर्ध्यातूनच वर आला, ओकला, आणि म्हणाला, "माझं पाय कुणीतरी धरलं. सात जनी हायेत खाली." झालं. तुम्हाला गळ टाकून वर काढलं तर अंगावर ओरखडा नाही. ओठ लाल, नखं लाल, पान खाऊन झोपल्यासारखे. बाया म्हणाल्या, आसरांनी विडा दिला आणि ठेवून घेतला. विहिरीत राहणाऱ्या त्या सात जणी, त्यांना माणूस आवडला की त्या त्याला ओढतात, असं सांगतच आलेत. कुठं काही झालं की बाईच सापडते. जमिनीवर नाही सापडली तर पाण्यात सापडते.

पण मी तोंड मिटून ठेवलं. यमुनेच्या कडेवर दत्तू होता. नवरा मूर्खपणानं मेला म्हणण्यापेक्षा देवतांनी नेला म्हणणं तिला सोपं होतं. तेव्हापासून ती दरसाल विहिरीच्या काठावर आसरांची ओटी भरते. खण, हिरव्या बांगड्या, दहीभात. तो भात ती कसा कालवते बघितलंय का? तुम्हाला आवडायचा तसा, मिरची चुरून.

आणि मी सगळा राग त्या बॅटरीवर धरला. कंदील नेला असता तर आज नातवंडं खेळवत बसला असता, असं म्हणत म्हणत मी म्हातारी झाले. तुमचे दादाही गेले. आता त्या गोष्टीचं मला कुणी विचारत नाही.

मधल्या काळात लाईट आली, मोटर आली. इंजिन भंगारात गेलं आणि मी मोकळा श्वास घेतला. आता लाईट असून नसल्यासारखी आहे. लोडशेडिंग. आली तर अर्धवट येते, मोटर नुसती गुरगुरते. दत्तूचे टोमॅटो फळाला आलेत आणि वरून ऊन असं, की पानं दुपारीच माना टाकतात. म्हणून त्यानं मंचरच्या एकाकडून जुनं इंजिन आणलं.

मी म्हणलं, "दत्तू, ते वर काढ."

"मोठी आई, वरून पानी वढत न्हाई. पानी खाली गेलं तर इंजिन खाली जानार न्हाई तर काय करनार?"

"तुझा बाप..."

"बापाला आसरांनी नेलं. आईनं औंदा बी ओटी भरलीया. आता कशाचं भ्या?"

यमुना आतून म्हणाली, "आक्का, भरल्या घरात अभद्र बोलू नका."

बघा, कसं कोंडलंय मला. ज्या खोट्यावर तिनं दिवस काढले, त्याच खोट्याच्या भरवशावर पोरगं खाली उतरतंय. खरं बोलावं तर ती मोडते. गप्प बसावं तर तो.

मी माझ्या नातीला, मनीषाला विचारलं. ती मंचरला कॉलेजात सायन्स शिकते. म्हणलं, "आधी कंदील खाली सोडून मग दत्तू उतरला तर चालंल का गं? एवढं तरी त्याच्याकडून कबूल करून घेते."

ती म्हणाली, "बबनआजोबांचे ओठ कसे होते म्हणालीस?"

"लाल."

ती म्हणाली, "आजी, धुरात एक असा वायू असतो, त्याला वास नसतो, रंग नसतो. त्यानं माणसाचे ओठ लाल पडतात. त्यात कंदील नीट जळत राहतो आणि माणूस पडतो."

"म्हणजे कंदील नेला असता तरी?"

"तरी."

भाऊजी, हातातलं पीठ हातातच राहिलं. तुम्हाला इतकी वर्षं मनात शिव्या घातल्या, त्या परत घेते. सगळ्या नाही. थोड्या ठेवते, दुसऱ्या कारणांसाठी. पण मग मी रागवू कुणावर? बॅटरीवर नाही, कंदिलावर नाही, त्या सात बायकांवर नाही. पाणी पाहिजे होतं, ते खाली गेलं होतं, त्याच्या मागं इंजिन गेलं, इंजिनामागं तुम्ही गेलात. यात थांबायची जागा कुठं होती?

मग मी पोरीला म्हणलं, नीट सांग, धूर म्हणजे काय ते. तिनं सांगितलं ते मला समजलं तसं लिहिते. चुकलं तर तिचं चुकलं.

ती म्हणाली, कार्बन म्हणून एक वस्तू आहे. मी म्हणलं, दुकानदार पावतीखाली घालतो तो निळा कागद? ती म्हणाली, नाही, तव्याच्या बुडाची काजळी धर. तीच लाकडात, तीच भाकरीत, तीच बैलात, तीच आपल्यात. झाड ती हवेतून घेतं. आपण झाड खातो, बैल कडबा खातो आणि श्वासातून ती परत हवेत सोडतो. मेलेलं कुजतं, जळतं, तेव्हाही परत जाते. झाड पुन्हा घेतं. मी म्हणलं, म्हणजे रहाटच की. भरलेली लोटी वर, रिकामी खाली. ती म्हणाली, बरोब्बर.

"मग डिझेल?"

"ते कधीच्या काळी मेलेल्या जिवांचं आहे, आजी. समुद्रात होते ते. गाळात दाबले गेले. कोळसा म्हणजे तशीच पुरलेली झाडं. ते या फेऱ्यातून बाहेर पडलं होतं, जमिनीत निजलं होतं. आपण वर काढून जाळतोय."

पुरलेलं उकरू नये, हे आपल्याकडं सांगावं लागत नाही. पण लाईटवाल्यांनी उकरलं, मोटारवाल्यांनी उकरलं आणि आपण पण नारळ फोडून उकरलंच की.

मी म्हणलं, "भीमाशंकरला एवढं रान आहे. ते खाईना का धूर." बचत गटाच्या बायकांबरोबर यष्टीनं गेले होते मी. दिवसा अंधार पडावा एवढी झाडी. ती म्हणाली, "खातंय की. पण पोट भरल्यावर किती खाईल? आणि तोडतोय पण आपणच."

इथंवर लिहिलं आणि विहिरीकडून दत्तूची हाक आली, खाली उतरायला दोर मागत होता. पत्र ठेवते.

*

पत्र उतरंडीमागं तसंच पडलं होतं. आता पुढचं लिहिते. घाबरू नका, दत्तू आहे.

त्या दिवशी दोर मी दिला नाही. दोर घेऊन तिथंच बसले, विहिरीच्या काठावर. मनीषाला पण बोलावून घेतलं. ती त्याला समजवायला लागली, तर तो म्हणतो कसा, "कालेजात जाऊन लई हुशार झालीस. धूर वर जातो, येडे. चुलीचा बी वर जातो."

ती म्हणाली, "गरम असतो तोवर जातो, काका. थंड झाला की बसतो. विहिरीत वारा कुठाय न्यायला?"

"मग मी इंजिन बंद करून घटकाभरानं उतरीन."

मी म्हणलं, "घटकाभर कुणाच्या घड्याळात? तुझ्या का टमाट्याच्या?"

त्याला राग आला. "मोठी आई, तू मला सांग मंग. लाईट न्हाई, पानी खाली, माल झाडावर. मी काय करू? रडू?"

काय सांगणार? त्याचं खोटं नव्हतं. तुमचं पण नव्हतं. मी दोर मांडीखाली घेऊन बसून राहिले एवढंच. तो दुसरीकडून दोर आणायला गेला. दोर काय, घरोघर मिळतो.

तेव्हा मी यमुनेकडं गेले. ती ओट्यावर टोमॅटो निवडत होती, डागी एकीकडं, चांगले क्रेटमध्ये. मी उभ्या उभ्याच म्हणलं. बसले असते तर बोलवलं नसतं.

"यमुने, बबनभाऊजींना आसरांनी न्हाई नेलं. इंजिनाच्या धुरानं नेलं."

तिनं मान वर केली नाही. "ओठ लाल व्हते," म्हणाली.

"धुरानंच व्हतात तसे. पोरीनं सांगितलं."

तिच्या हातात एक टोमॅटो होता. तो तिनं चांगल्यात टाकला, परत काढला, डाग्यांत टाकला. त्याला डाग नव्हता. मग म्हणाली, "मग इतकी वर्सं मी कुनाची ओटी भरली?"

भाऊजी, मग मी खाली बसले आणि तिच्याबरोबर टोमॅटो निवडायला लागले.

दत्तू त्या दिवशी उतरला आणि वर आला. इंजिन नीट चाललं, त्याला उतरून जास्त वेळ थांबावं लागलं नाही. तो वर आला तेव्हा डोकं दुखतंय म्हणाला आणि उन्हाला दोष दिला. यमुनेनं ते ऐकलं. माझ्याशी बोलली नाही. माझ्या पंगतीला बसली नाही. मला वाटलं, दोन्ही घालवलं मी. तिचं समाधान गेलं आणि पोरगं तर उतरतंच आहे.

मग एका सकाळी दत्तू पुन्हा निघाला. मी मागून गेले, ओरडायला का होईना. बघते तर यमुना आधीच विहिरीवर. शेजारच्या वावरातली दोन माणसं पण होती, चहा पीत बसलेली. इंजिन सुरू होतं, काळा धूर काठापर्यंत येत होता आणि परत खाली बसत होता.

"बंद कर," ती म्हणाली.

"आये, पानी चाललंय. कशाला..."

"बंद कर म्हणते. आसरांच्या घरात धूर करतोस? तुझ्या घरात कुनी असा केला तर बसशील का तू आत?"

दत्तू माझ्याकडं बघून म्हणाला, "मोठी आई म्हणती, आसरांनी न्हाई नेलं बापाला."

"न्हाईच नेलं. आक्का खरं बोलली. धुरानं मेला तो. धडधाकट मानूस मेला, मग त्या सात जनींचं काय झालं असंल रे? मी वरून बांगड्या टाकत बसले, अन् खाली त्या गुदमरत व्हत्या. तुझ्या बापाला त्यांनी नेलं न्हाई. त्याच त्याच्या धुरात सापडल्या."

चहावाल्यांतला एक हसायला लागला होता, तो तिचं तोंड बघून थांबला.

माझ्या सायन्सला दत्तू हसला होता. त्या सात जणींना, आईच्या तोंडावर हसायची त्याची छाती झाली नाही. त्यानं इंजिन बंद केलं. दुपारपर्यंत साखळी लावून ते वर काढलं. चहावाल्यांनी हात लावला.

अर्धे टोमॅटो वाळले. लाईट येईल तेवढ्या पाण्यात बाकीचे जगवतोय. एकदा लाईट आली तेव्हा मी मनीषाला विचारलं, ही तरी बिनधुराची आहे ना? ती म्हणाली, "नाही गं आजी. तिकडं लांब विदर्भात कोळसा जळतो, तेव्हा आपला दिवा लागतो."

म्हणजे आपल्या विहिरीतनं इंजिन काढलं आणि दुसऱ्याच्या दारात ठेवलं. ती म्हणाली, दारात पण नाही, सगळ्यांच्याच डोक्यावर. धूर वर जाऊन आभाळात राहतो, ऊब धरून ठेवतो, गोधडीसारखी. म्हणून ऊन वाढतंय, पाऊस चुकतोय, सगळंच ढळतंय. मी म्हणलं, आभाळ एवढं मोठं, जाईल की कुठंतरी बाहेर. ती म्हणाली, बाहेर नाहीच आजी, हेच आहे.

तेव्हापासून दुपारी ओट्यावर बसले की मला वर बघवत नाही. तुम्ही पडलात तेव्हा आम्ही काठावर तरी होतो. हाका मारायला, गळ टाकायला. सगळेच खाली असल्यावर दोर कोण सोडणार हो? पाऊस ओढ देतो, पाणी खाली जातं, पाण्यामागं माणूस आणखी काहीतरी जाळतो, आणि पाऊस आणखी ओढ देतो. तुमचा लेक विचारतो, मी काय करू, रडू? तेच मी विचारते. मी चूल फुंकणारी बाई. माझ्याच्यानं आभाळाचं काय व्हायचंय?

पण विहिरीचं झालं. तेवढं झालं.

यमुना आता माझ्या पंगतीला बसते. परवा मला म्हणाली, "आक्का, पुढल्या वर्सी ओटी दोघी मिळून भरू." मी देवभोळी नाही, तुम्हाला ठाऊक आहे. हो म्हणलं. त्या सात जणींच्या नावानं का होईना, त्या काठावर वर्षातून एकदा दोन बाया खाली बघत उभ्या राहतील.

दत्तू मात्र माझ्याशी बोलत नाही. ताट पुढं सरकवलं तर जेवतो, पाणी माझ्या हातचं घेत नाही. वाळलेल्या वाफ्यावरून जाताना मुद्दाम माझ्या समोरून जातो. जाऊ दे. त्याच्या जागी तुम्ही असतात तर दोन शिव्या घातल्या असतात. त्यानं तेवढ्या पण घातल्या नाहीत, एवढाच तुमच्यापेक्षा सुधारला.

मी तुम्हाला वचन देते. मी असेपर्यंत तुमच्या घरातलं कुणी इंजिनामागं त्या विहिरीत उतरणार नाही. मग टोमॅटो जळोत, घरात पाणी नसो, की तुमचा लेक माझ्या तिरडीला खांदा न देवो. तो आयुष्यभर अबोला धरील तर धरू दे. तुमच्याशी बोलायला मला हा कागद लागतो. तो बोलत नाही, पण संध्याकाळी पाय आपटत घरात येतो.

तुमची,
वहिनी